निवटीला इंग्रजीत काय म्हणतात

माझ्या इंग्रजीबद्दल डोंबिवलीत दोन मतं आहेत. एक माझं आणि दुसरं उरलेल्या डोंबिवलीचं. मी सांगतो ती हकिगत अशी की, एका कस्टमर केअरवाल्याला मी फोनवर इंग्रजीत असा झोडपलेला, की त्याने तीनदा सॉरी म्हटलं आणि चौथ्यांदा माझ्या क्लासची वेळ विचारली. बायकोची हकिगत वेगळी आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे पलीकडे माणूसच नव्हता. मला होल्डवर टाकलेलं, आणि मी वीस मिनिटं फोनमधल्या बासरीला झापत होतो. तुम्ही दोन्ही खऱ्या धरा आणि पुढे चला.

तर मी स्पोकन इंग्लिश शिकवतो. वीसेक वर्षं झाली. आठवडाभर डोंबिवलीत, एका फरसाणवाल्याच्या डोक्यावरच्या खोलीत. तिथे शिकलेल्या प्रत्येक शब्दाला जन्मभर तळणाचा वास येतो. रविवारी मात्र ठाण्याला, बाळकुमला. पूर्वी आमच्याकडून बाळकुमला जायचं म्हणजे निघताना दाढी करून निघावं आणि पोचल्यावर पुन्हा करावी. आता मोठागावचा पूल झाला. स्कूटर पुलावर घातली की माणकोली, मग कशेळी, आणि घरी ओतून ठेवलेला चहा निवायच्या आत मी बाळकुमात.

बाळकुमची खोली गावातल्या मंडळाची. अर्ध्या खोलीत गणपतीच्या मखराचे सोनेरी खांब रचलेले, उरलेल्या अर्ध्यात मी आणि माझी मुलं. मुलं म्हणजे दोन वॉचमन, पार्लरवाली एक, टॉवरमध्ये लहान बाळं सांभाळणाऱ्या तिघीजणी. सगळे पंचवीस ते पन्नासच्या मधले. टॉवर इंग्रजीत बोलतात आणि गाव मराठीत. मधल्या गेटवर माझा धंदा चालतो.

एका रविवारी दारात एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंबाड्यात अबोलीची वेणी, हातात स्टीलचा डबा. गावातल्या जुन्या कोळी घरातल्या. आत आल्या, बाक बोटाने पुसला, बसल्या.

“मास्तर, मना इंग्लिश शिकाचा हाय. आठ आठवडं हायत माझेकडं.”

“मावशी, आठ आठवड्यांत मी भिंतीला इंग्रजी बोलायला लावलंय.”

“भिंतीचा भिंतीला सांग. माझा आईक.”

आणि त्यांनी सांगितलं. खाडीत पक्षी दाखवायच्या बोटी सुरू होणार होत्या. बाहेरून माणसं येणार, होडीतून फिरणार, आणि त्यांना खाडी दाखवायला गावातलीच चार माणसं नेमणार. अट एकच: परीक्षेला अर्धा तास होडीतून फिरवायचं आणि सगळं इंग्रजीत सांगायचं. मावशींच्या घरची होडी दोन वर्षं किनाऱ्याला पालथी पडलेली. खाडीत मासळी उरली नव्हती. नवरा त्याच टॉवरच्या गेटवर वॉचमन झालेला, जिथे त्याच्या बापाची जाळी सुकायची. मावशी दुसऱ्याने आणलेली मासळी पाटीत घेऊन विकायच्या, आणि ते सांगताना त्यांचं तोंड असं व्हायचं, जसं कुणी दुसऱ्याचे कपडे घालायला सांगितल्यावर होतं.

“ही परवान्याची पावती मिलाली तं होडी पान्यात. नाय मिलाली तं दीर बोल्लाय, फोडून जलनाला काढू. मना होडीत बसाचा हाय, मास्तर. बाकी काय नको.”

मग त्यांनी डबा टेबलावर सरकवला. कोलंबीचं सुकं. मी तो क्लास कसा संपवला मला माहीत नाही. सहा वाक्यं शिकवली असतील, त्यातली पाच कोलंबीबद्दल.

डबा घरी गेला. आमची मंडळी देशावरची. आमच्या मूळ गावात भरती म्हणजे पाण्याचा टँकर आणि ओहोटी म्हणजे तो गेल्यावरची रिकामी घागर. पण एक गोष्ट देशावर आणि खाडीवर सारखीच निघाली. बायकोने डबा घासला आणि त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले. “रिकामा द्यायचा नसतो,” म्हणाली. पुढच्या रविवारी मावशींनी झाकण उघडून बघितलं आणि समाधानाने मान हलवली. आमची परीक्षा झाली आणि आम्ही पास झालो.

इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा त्याच दिवशी सुरू झाला.

मी फळ्यावर लिहिलं, ‘बोट’. म्हटलं, मावशी, होडीला इंग्रजीत बोट. त्यांनी चारदा म्हटलं, गालात घोळवलं आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पगोली.”

“काय?”

“चिंबोऱ्या धरतात ती जाली. पगोली. तू मना एक दिलास, मी तुना एक दिला. मी कुनाचा भांडा रिकामा धारत नाय.”

म्हणजे शब्दही त्यांच्या लेखी डब्यासारखाच. एक घेतला की एक भरून परत. मला इतकी गंमत वाटली की मी पगोळी वहीत लिहून घेतली. त्या रविवारी मी त्यांना अकरा शब्द दिले आणि अकरा शब्द घेऊन घरी आलो. पुलावर स्कूटर थांबवून खाली खाडीकडे बघितलं. वीस वर्षं त्या पाण्याच्या आजूबाजूला राहतोय आणि माझ्याकडे त्याच्यासाठी एकच शब्द होता: वास. आता एकदम बारा झाले.

तिसऱ्या रविवारी मावशींनी सूत्र उलटं फिरवलं. आधी त्या द्यायच्या, मग मी. “खंड्या,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “किंगफिशर.” “तिवर?” “मॅन्ग्रोव्ह.” वर्ग आमच्याकडे कॅरमचा सामना बघावा तसा बघत होता. मी जोरात होतो.

“निवटी,” मावशी म्हणाल्या.

“निवटी म्हणजे?”

“चिखलावर रांगते, उड्या मारते. मासाच, पन भायेर फिरते. डोलं डोक्यावर.”

मी आयुष्यात निवटी बघितलेली नव्हती. चिखलात उड्या मारणारा मासा ही गोष्ट मला माझ्याच एखाद्या थापेसारखी वाटली. टेबलावर फोन होता. पण मास्तरने वर्गासमोर फोनमध्ये डोकं घातलं की मास्तर उरतो कशाला, फोनच फी घेईल ना. आणि समोर त्या बाई, शब्द पुढे करून बसलेल्या. डबा रिकामा परत कसा करायचा?

“मड डान्सर,” मी म्हणालो.

इतक्या आत्मविश्वासाने म्हणालो की पार्लरवालीने लिहून घेतलं.

एकदा चटक लागली की लागली. ढोकरी नावाचा पक्षी आला. मावशी म्हणाल्या, “दिवसभर चिखलाचे कडंला मान खांद्यात घालून बसतो, हालत नाय, बोलत नाय.” मला काकांच्या पेन्शन ऑफिसातल्या पहिल्या टेबलावरचा कारकून दिसला. “क्लर्क बर्ड,” मी म्हटलं. पाचव्या रविवारी भांगाची भरती आली. अष्टमीच्या आसपासची भरती, मावशींनी समजावलं, पाणी चढतं पण अर्धवट, किनाऱ्याला पोचतच नाही. अमावास्या-पौर्णिमेला येतं ते उधाण, आणि हे भांग. “लेझी टाइड,” मी म्हटलं, आणि मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. इंग्रजांना सुचलं नसेल असं इंग्रजी होतं ते.

खरंच सुचलं नव्हतं, हे मला सातव्या रविवारी कळलं.

त्या दिवशी मावशी एक घडीचं पत्रक घेऊन आल्या. परीक्षेला बसणाऱ्यांना वाटलेलं. गुळगुळीत कागद, वर पक्ष्यांची रंगीत चित्रं, खाली इंग्रजी नावं. मावशी मराठी वाचायच्या, इंग्रजी अक्षरं नाही. त्यांनी बोट ठेवलं. मातकट रंगाचा, मान खांद्यात घातलेला, निवांत बसलेला पक्षी.

“ही बघ माझी ढोकरी. खाली लिवलाय ना क्लर्क बर्ड? वाच जरा.”

खाली लिहिलेलं, इंडियन पॉन्ड हेरन.

माणूस किती वेळात खोटं बोलू शकतो याचा मी अभ्यास केलाय. मला पापणी लवण्याइतकाही लागला नाही. “हो, म्हणजे, साधारण तसंच,” मी म्हणालो.

“साधारन?”

“स्पेलिंग जरा जुनं आहे.”

मावशी खूश झाल्या. उभ्या राहून अख्ख्या वर्गाला त्यांनी पूर्ण पाठ म्हणून दाखवला. हात खाडीच्या दिशेने, आवाज बाजारातला: “वेलकम टु अवर क्रीक! देअर सिट क्लर्क बर्ड! हिअर मड डान्सर! टुडे लेझी टाइड!” वॉचमननी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. माझे तळहात घामाने ओले होते, त्यामुळे त्या वाजल्या नाहीत.

घरी येऊन मी पहिल्यांदा नीट शोधायला बसलो. फोनमध्ये ‘निवटी’ टाकलं, तर कालवणाची कृती आली, मसाल्यासकट. मग उलटीकडून सुरुवात केली: चिखलातला मासा, डोळे वर, उड्या. आला. मडस्किपर. त्याचा एक व्हिडिओही आला, आणि मी जेवण विसरून तो अकरा वेळा बघितला. दोन पुढच्या परांच्या कोपरांवर रेलून, एखाद्या आजोबांनी कट्ट्यावरून रस्ता बघावा तसा बघत होता. मग भरती. पुस्तकांचं कपाट उपसलं. भांगाच्या भरतीला नीप टाइड. आणि उधाणाच्या भरतीला स्प्रिंग टाइड, जिचा वसंत ऋतूशी काडीचाही संबंध नाही. मी इंग्रजीचा मास्तर, आणि हे शब्द माझ्या कपाटात वीस वर्षं होते, न उघडलेल्या पानात. कोण म्हणालं असेल पहिल्यांदा नीप? ते पण कुणी कोळीच असणार, तिकडच्या खाडीतला. त्याच्या बायकोने पण कुणाला तरी शब्दाच्या बदल्यात शब्द मागितला असेल. मला रात्रीचं जेवण गेलं नाही, ते अर्धं लाजेने आणि अर्धं कुतूहलाने. कुठलं अर्धं मोठं होतं ते विचारू नका.

परीक्षा पुढच्या रविवारी. मी बुधवारीच स्कूटर काढली आणि बाळकुमला गेलो. मावशी गावाच्या टोकाला, होडीपाशी होत्या. होडी सरळ करून ओंडक्यांवर चढवलेली, तळाला डांबर फासत होत्या. पास व्हायच्या आधीच.

मी सांगून टाकलं. तिन्ही शब्द. थापा मारणाऱ्याला खरं बोलायची सवय नसते, त्यामुळे मी ते फारच लवकर सांगितलं, आणि मावशींनी मला पुन्हा सांगायला लावलं.

त्यांनी डांबराचा ब्रश खाली ठेवला.

“मंजे मी तिथं, त्या मोट्या लोकांसमोर, होडीत हुबी राहून ह्या बोलली असती?”

“हो.”

“कनाला केलास असा?”

“तुम्हीच म्हणालात ना, भांडं रिकामं द्यायचं नाही. माझ्याकडे भरायला काही नव्हतं.”

“रिकामा दिला असतास तं मी चालवून घेतला असता,” मावशी म्हणाल्या. आवाज चढला नाही, तेच वाईट. “माझे शेजारनीला कवा घरात काय नसला, तं ती चिमूटभर साखर टाकते. नायतं बोलते, आज नाय गो काय. तू नासका भरून दिलास. आनि मी आठवडं आठवडं त्या चाटून खाल्ला.”

“मावशी, खरे शब्द मराठी अक्षरांत लिहून आणलेत—”

“तो कागद ठेव त्या फलीवर. आनि जा.”

जाताना त्यांनी होडीशेजारच्या जाळी ठेवायच्या झोपडीतून आमचा डबा आणून हातात दिला. तो मागच्या रविवारी बायकोने चकल्या भरून पाठवलेला.

घरी बायकोने डबा घेतला, झाकण काढलं आणि तिथेच थांबली. आत घासून लख्ख केलेलं स्टील. त्यात तिचं तोंड दिसत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “हा रिकामा आलाय.”

“हं.”

“हं काय? काय केलंत तुम्ही त्या बाईंना?”

बावीस वर्षांच्या संसारात माझी थाप तिने इतक्या लवकर कधी पकडली नव्हती. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. डब्यानेच सांगितलं.

रविवारी मी गेलो. बोलावलेलं नव्हतं, पण प्रत्येक होडीत परीक्षकांसोबत चार प्रवासी बसवणार होते, म्हणजे खरी सहल वाटावी. त्यासाठी गावातून माणसं गोळा करत होते. मी टोपी घातली, काळा चष्मा लावला, आणि एका पर्यटकासारखा होडीच्या मागच्या टोकाला जाऊन बसलो. मावशींनी मला बघितलं नाही, असं मी समजत होतो.

परीक्षक दोन. एक हातात कागद घेतलेल्या तरुण बाई, आणि एक गळ्यात दुर्बीण अडकवलेले वयस्कर गृहस्थ, ज्यांच्या टोपीला खिसे होते. मावशींचा नवरा वल्ह्यावर, वॉचमनचीच पँट घालून. मावशी पुढे उभ्या. पदर खोचलेला. होडी पाण्यात होती, आणि ती तिथे राहणार की सरपण होणार हे पुढच्या अर्ध्या तासात ठरायचं होतं.

“वेलकम टु अवर क्रीक,” मावशी म्हणाल्या. आवाज बाजारातला नव्हता. लहान होता.

होडी निघाली. तिवरांच्या कडेने जवळची वाट होती, सगळ्या होड्या तिकडूनच जात. मावशींनी हाताने खूण केली आणि नवऱ्याने होडी मधल्या खोल पाण्यात घातली. कागदवाल्या बाईंनी घड्याळ बघितलं. “व्हाय नॉट दॅट साइड? इट इज हाय टाइड नाऊ, नो?”

मला मागून मावशींच्या मानेची ताठलेली शीर दिसत होती. मावशींनी आकाशाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं.

“हाय टाइड, येस,” त्या म्हणाल्या. “बट नीप टाइड. टुडे अष्टमी. वॉटर कम. बट वॉटर नो माइंड टु कम. दॅट साइड गो, बोट सिट इन मड. ऑल पीपल सिट. टिल इव्हनिंग.”

खिशांच्या टोपीवाल्यांनी दुर्बीण खाली केली. “नीप टाइड,” ते हळूच म्हणाले, शेजारच्या बाईंना. “बरोबर आहे त्यांचं. आपण तारीख ठरवताना बघायला हवं होतं.”

मी मागच्या टोकाला इतका फुगलो की होडी तिकडून कलली असेल. मग चिखलाच्या कडेला मान खांद्यात घालून तो बसलेला दिसला. मावशींनीही बघितला. त्या वळल्या, पण पक्ष्याकडे नाही. थेट माझ्याकडे, काळ्या चष्म्याकडे.

“लुक,” त्या म्हणाल्या, आणि आता आवाज बाजारात परतला. “बुक नेम, पॉन्ड हेरन. अवर नेम, ढोकरी. सिट, लुक लाइक मड. फ्लाय, लुक व्हाइट. माय टीचर से, क्लर्क बर्ड.” थोडं थांबून: “माय टीचर, बिग लायर. हिअर ही सिट. ऑल्सो लुक लाइक मड.”

होडी हसली. सगळी. माझ्या शेजारचा माणूस माझ्याकडे वळून वळून बघायला लागला. वल्ह्यावरच्या नवऱ्याने वल्हं सोडलं आणि पोट धरलं. त्या गदारोळाने पक्षी उडाला, आणि उडताना मातीचा रंग एकदम फाटला आणि आतून पांढरेशुभ्र पंख उघडले. कुणीतरी ‘अरे!’ म्हणालं. ते मी होतो. वीस वर्षं तो पक्षी माझ्या आसपास बसत असणार, आणि मी त्याला उडताना बघितलेलं नव्हतं.

मग मावशींनी चिखलाकडे बोट केलं. बोटभर लांबीचे काही जीव तिथे उड्या मारत होते. “निवटी. मडस्किपर.” आणि लगेच, जशा माझ्याकडे बघायच्या तशाच, दुर्बीणवाल्यांकडे बघून म्हणाल्या, “आय गिव्ह यू निवटी. नाऊ यू गिव्ह.”

“एक्स्क्यूज मी?”

“आय गिव्ह वन वर्ड. यू गिव्ह वन वर्ड. नो एम्प्टी डबा.”

कागदवाल्या बाई गोंधळल्या. त्यांच्या यादीत असा प्रश्न नव्हता. पण गृहस्थ विचार करायला लागले. खरोखर. कपाळावर आठ्या घालून. आणि मग त्यांनी चिखलात सुईसारखी लांब चोच खुपसणाऱ्या एका पक्ष्याचं नाव दिलं. मावशींनी ते चारदा म्हणून गालात घोळवलं आणि त्याचं इथलं नाव परत दिलं. त्यांनी आणखी एक दिलं. उरलेली पंधरा मिनिटं परीक्षा झालीच नाही. दोघं एकमेकांना शब्द देत-घेत होते आणि बाकी आम्ही टकमक बघत होतो, वर्ग बघायचा तसे. काठाला लागल्यावरही ते गृहस्थ उतरेनात. एका किड्याचं नाव राहिलंय म्हणाले.

मी मात्र उतरलो आणि स्कूटरकडे सटकलो. मावशींनी मला हाक मारली नाही. पक्षी बघायला आलेल्या टोपीवाल्याला कोण हाक मारणार.

दोन रविवार मावशी आल्या नाहीत. बाकाची ती जागा मोकळी. वर्गात कुणी बसलं नाही तिथे, आणि मी कुणाला बसवलं नाही. पार्लरवालीने विचारलं, “सर, मावशींचं काय झालं?” तेव्हा मी एक मोठी गोष्ट सांगायला तोंड उघडलं, आणि ती आलीच नाही. “माहीत नाही,” एवढंच निघालं. पार्लरवालीने मला बरं आहे का विचारलं.

तिसऱ्या रविवारी मी फळ्यावर लिहीत असताना मागे वर्गात किंकाळी झाली. वळलो. टेबलावर एक डबा होता. आमचा नव्हे, त्यांचा, पहिल्या दिवसाचा. आणि तो आपणहून हलत होता. टण्, टण्, आतून कुणी ठोठावत असल्यासारखा. दोन्ही वॉचमन, ज्यांचं कामच राखणीचं, मखराच्या खांबांमागे गेलेले. दारात मावशी. गळ्यात खाडी दाखवणाऱ्यांचं ओळखपत्र लटकत होतं, वर त्यांचा फोटो. फोटोतही त्या कुणावर तरी रागावलेल्या.

“काल होडीतशी धरल्या,” त्या म्हणाल्या. “माझे होडीतशी. उघर.”

उघडलं. चिखलपाण्यात तीन निवट्या. एकीने उडी मारली ती थेट माझ्या हजेरीच्या वहीवर. कोपरं टेकली. डोक्यावरचे दोन डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवून तिने आधी वर्ग बघितला आणि मग मला. परीक्षकांनीही कुणाला इतकं निरखून बघितलं नसेल.

“तिनी शब्दांच्या तीन,” मावशी म्हणाल्या. “आता बघ. नीट बघ. मंग नाव दे काय द्याचा त्या.”

मी बघितलं. गुडघ्यावर बसून, नाक वहीला लावून. तिच्या पाठीवर निळे ठिपके होते, हे व्हिडिओत दिसलं नव्हतं. ती गाल फुगवून बसलेली, तोंडात पाण्याची चूळ धरल्यासारखी.

“मावशी, तिने गाल का फुगवलेत?”

“पानी धरून ठेवलाय. श्वास हाय तो तिचा. घरून डबा घेऊन निगाली बोल.”

मग ती वहीवरून सरपटत खाली उतरली, आणि कागदावर मागे एक ओली रेघ उरली. दोन्ही बाजूंना परांचे ठसे, मधे शेपटीची ओढ. मावशींनी त्या रेघेवर बोट ठेवलं. चिखलावरच्या ह्या रेघेला त्यांच्यात एक शब्द आहे. त्यावरून ओळखतात, निवटी आताची की सकाळची. त्यांनी तो शब्द सांगितला आणि हात बांधून उभ्या राहिल्या. पाळी माझी होती.

वर्ग थांबला. तिन्ही निवट्या थांबल्या. माझ्या जिभेवर चार उत्तम शब्द तयार होते, एकाहून एक झकास, इंग्रजांना सुचले नसते असे.

“आज नाही गं काही, मावशी,” मी म्हणालो.

“बरा,” त्या म्हणाल्या, आणि बाकावरच्या आपल्या जागी बसल्या. “सावकास दे.”

निवट्यांचं काय झालं याबद्दल घरी दोन हकिगती आहेत. तो डबा अजून आमच्या ओट्यावर आहे. बायको रोज विचारते, काय भरू, आणि मी म्हणतो, थांब जरा, शोधतोय. मावशींचा तो शब्द मात्र तुम्हाला सांगत नाही. माझ्याकडेच त्याच्या बदल्यात द्यायला अजून काही नाही, आणि मी सांगितला तर तुम्ही मला काय द्याल?